एकास चोवीस

मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा थर किती जाड असतो? कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचं पारदर्शक लॅकर मिळून तो जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे १०० मायक्रॉनच्या आसपास भरतो. आता तीच गाडी चोवीसपट लहान करायची तर रंगही चोवीसपट पातळ हवा. हिशेबाने तो चार मायक्रॉन येतो. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चार मायक्रॉनचा रंग हाताने काय किंवा फवाऱ्याने काय, एकसारखा बसत नाही, आणि बसला तरी खालचं प्लॅस्टिक झाकत नाही. म्हणून जगातल्या प्रत्येक छोट्या मोटारीच्या अंगावर, ती कितीही निष्णात हातांनी रंगवलेली असो, तिच्या मापाच्या मानाने दहा-वीसपट जाड रंग असतो.

मोटारींची स्केल मॉडेल्स करायला मी हौसेने लागले, पण त्यात टिकले ती या हिशेबामुळे. लांबी, रुंदी, उंची यांना चोवीसने भागलं की गाडी लहान होते असं सुरुवातीला वाटतं. हळूहळू लक्षात येतं की काही गोष्टी भागाकाराला दाद देत नाहीत. रंग लहान होत नाही. त्याच्यावर बसणारी धूळ लहान होत नाही. ओल्या रंगावर ०.१ मिलिमीटरचा कण पडला, तर त्या छोट्या गाडीच्या दृष्टीने बॉनेटवर अडीच मिलिमीटरचा खडा रुतलेला असतो. वजन तर उलट नको तेवढं लहान होतं. तिन्ही मापं चोवीसपट घटली की आकारमान १३,८२४ पट घटतं, आणि नऊशे किलोंची गाडी पासष्ट ग्रॅमवर येते. खरी गाडी टायरवर बसलेली असते. जमिनीपाशी रबर थोडं पसरलेलं असतं. पासष्ट ग्रॅमच्या भाराने टायरला काहीच होत नाही, आणि गाडी रस्त्यावर उभी आहे असं न वाटता कुणीतरी तिथे ठेवली आहे असं वाटतं. म्हणून जाणकार माणूस टायरचा तळ पॉलिश पेपरवर किंचित घासून सपाट करतो. जे वजन गाडीत नाही, ते तिच्या बसण्यात दाखवावं लागतं.

खोक्यातून निघणारा ऐवज दिसायला साधा असतो. चौकटीला लटकलेले सुटे भाग: एकसंध बॉडी, खालचा सांगाडा, सीटा, इंजिनाचे दोन अर्धे भाग, चकाकत्या मुलाम्याचे बंपर, काचांचा पारदर्शक संच, रबरी टायर, आणि पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकॅलचा कागद. खोक्यावर बहुधा १/२४ किंवा १/२५ लिहिलेलं असतं. चोवीस हा आकडा फूट-इंचांच्या जगातून आला. खऱ्या गाडीच्या एका फुटाला इथे अर्धा इंच. वितळलेलं पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरून हे भाग पाडतात, आणि साच्याचे तुकडे जिथे मिळतात तिथे एक बारीक उंचवटा राहून जातो. चकचकीत रंग चढला की नेमका तोच डोळ्यात भरतो. म्हणून पहिलं काम तो घालवण्याचं. पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, मग १०००. थंड होताना प्लॅस्टिक आत ओढलं गेलं असेल तिथे लांबी भरायची, वाळू द्यायची, पुन्हा घासायचं. डेंटिंग-पेंटिंगवाला खऱ्या गाडीवर जे करतो तेच, आणि त्याच क्रमाने.

जोडणीचं पातळ सिमेंट रूढ अर्थाने गोंद नव्हेच. ते प्लॅस्टिक विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि सांध्याच्या जागी एकच तुकडा उरतो. काचांपाशी मात्र झटपट चिकटणारा गोंद फिरकू द्यायचा नसतो, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक भाग पांढुरके होतात. प्रत्येक पदार्थाचा असा स्वभाव असतो, आणि तो सांभाळत काम करण्यात मला मनापासून समाधान मिळतं.

खरी परीक्षा रंगाची. जुन्या गाडीत दार आणि मडगार्ड यांच्यात पाच मिलिमीटरची फट असेल तर इथे ती ०.२ मिलिमीटर होते. प्रायमर, रंग आणि पारदर्शक लॅकर यांचे हात एकावर एक बसत गेले की ती बुजू लागते, आणि दार उघडेल असं वाटेनासं होतं. म्हणून रंगाला हात घालण्याआधी प्रत्येक फट टोकदार हत्याराने हव्या त्यापेक्षा जास्त खोल कोरून ठेवायची. रंग तिला भरत भरत मापावर आणतो. रंगाची जाडी कमी करता येत नाही, पण ती गृहीत धरून आधीच जागा करून ठेवता येते.

मग एअरब्रश. पहिला हात नुसता शिडकावा, खालचा प्रायमर दिसेल इतका विरळ. दुसरा थोडा भरीव. तिसऱ्याला रंग ओला बसला पाहिजे, आणि इथे नजर गाडीवर ठेवून चालत नाही; ती बॉनेटवर पडलेल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर ठेवावी लागते. फवारा पुढे सरकतो तशी प्रतिबिंबाची विस्कटलेली कड सरळ होत जाते. ती पुरती सरळ झाली त्या क्षणी हात पुढे गेला पाहिजे. आधी गेला तर पृष्ठभाग दाणेदार राहतो, उशिरा गेला तर ओघळ येतो. हे शिकवून येत नाही. मनगटाला ते एकदा समजतं आणि मग मनगट विसरत नाही.

आमच्या मुंबईच्या हवेत या कामाला ऋतू आहेत. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. पावसाळ्यात हवेतली वाफ त्या गार पृष्ठभागावर धरते, ओल्या रंगात अडकते आणि काळी गाडी वाळता वाळता धुरकट पांढरी दिसू लागते. म्हणून आषाढ-श्रावणात मी फवारणी करत नाही. ते दिवस घासण्याचे, कोरण्याचे, सीटांच्या शिवणी रेखण्याचे, इंजिनाच्या वायरी ओढण्याचे. दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली की साठवलेल्या बॉड्या रंगायला घ्यायच्या. शेतकऱ्याचं वेळापत्रक पावसाने बांधलेलं असतं हे लहानपणापासून ऐकत आले. चार भिंतींच्या आतला एक छंदही पावसाच्याच तालावर चालतो, हे हात रंगात घातल्यावर कळलं.

आता उजेड आणि अंतर. टेबलावरची १/२४ ची गाडी आपण साधारण तीस सेंटिमीटरवरून बघतो. तीस गुणिले चोवीस म्हणजे सात मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे तिच्याकडे बघताना आपण खऱ्या गाडीकडे सात मीटरवरून बघत असल्यासारखे असतो, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला. सात मीटरवरून काळा रंग अगदी काळा राहत नाही. आभाळाचा उजेड त्यात मिसळतो. बाटलीतला शुद्ध काळा मॉडेलवर दिला तर आकारच गिळला जातो, कडा हरवतात. त्यात थोडा राखाडी, कधी किंचित तपकिरी घालावा लागतो. टायर तर कधीच काळे नसतात. धातूच्या चमकीचा रंग खऱ्या गाडीच्या डब्यातून घेतला तर चमकीचा प्रत्येक कण इथे चोवीसपट मोठा वाटतो, म्हणून फार बारीक कणांचा रंग शोधायचा. खऱ्या गाडीवरचाच खरा रंग छोट्या गाडीवर खोटा दिसतो. तिला खरं दिसायचं तर मूळ रंगापासून थोडं हटावं लागतं.

दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या कुणालाही हे पटायला जड जाऊ नये. किल्ल्यावर एकच प्रमाण कधी नसतं. मावळा बुरुजाएवढा, वाघ गुहेहून मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्यांत मोठे. तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो, आणि त्या किल्ल्याकडे बघताना तो चुकला आहे असं कुणाच्याही मनात येत नाही. मोटारीच्या मॉडेलमध्ये फूटपट्टीचं राज्य असतं, सगळ्यांना एकच भागाकार. तरी शेवटच्या टप्प्यावर तिथेही किल्ला करणाऱ्या मुलाचीच समज लागते: या वस्तूत मोठं काय, कशाला मान द्यायचा, आणि कशाला मागे ठेवायचं.

ही निवड अज्ञानातून करता येत नाही. मागे ठेवायची वस्तूही आधी पुरती ओळखावी लागते. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी या छंदातलं सर्वांत आदराचं नाव. १९४६ साली तिची सुरुवात लाकूड कापण्याच्या धंद्यातून झाली. मग लाकडी मॉडेल्स आणि १९६० पासून प्लॅस्टिकची. १९७६ साली तिने पोर्श ९३४ या शर्यतीच्या गाडीचं १/१२ प्रमाणातलं मॉडेल काढलं. त्या कामासाठी कंपनीचे शुनसाकु तामिया यांनी एक पोर्श ९११ विकत घेतली आणि तिचे भाग सुटे करून अभ्यासले. ते २०२५ साली, वयाच्या ९० व्या वर्षी गेले, तेव्हा जगभर ज्यांनी त्यांचं एखादं खोकं उघडलं होतं त्या सगळ्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं असेल. मला वाटलं. पोर्शच्या त्या मॉडेलमध्ये खऱ्या गाडीतलं सगळं काही आलेलं नाही. येणं शक्यच नव्हतं. पण जे वगळलं ते बघून वगळलं. बघून वगळणं आणि न बघता राहून जाणं यांतला फरक मॉडेल हातात घेतल्यावर बोटांना कळतो.

अमेरिकेत या छंदाची मुळं थेट मोटारींच्या शोरूममध्ये सापडतात. मिशिगन राज्यातली एएमटी ही कंपनी १९४८ पासून मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवत असे. १९५८ साली तिने सुट्या भागांची खोकी बाजारात आणली, त्यांत एकाच गाडीचे तीन अवतार करता येत: कारखान्यातून येते तशी, मनासारखी सजवलेली, किंवा शर्यतीची. मुलांच्या हाती पहिल्यांदाच बांधण्याबरोबर ठरवण्याचंही काम आलं. त्याच्याही आधी, १९३० पासून, जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने मुलांसाठी एक स्पर्धा चालवली होती. सुरुवातीला नेपोलियनच्या काळच्या घोडागाडीची प्रतिकृती करायची असे, पुढे स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीची. बक्षीस म्हणून कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च मिळे. १९४७ च्या स्पर्धेत जिंकलेले चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. १९६८ साली स्पर्धा बंद पडली, तोवर तिने डेट्रॉइटला डिझाइनरांची एक अख्खी पिढी दिली होती. ती फक्त मुलग्यांसाठी होती, याचं मला आजही वाईट वाटतं. लाकूड तासून मडगार्डची गोलाई शोधणाऱ्या किती बोटांना तिने बाहेर ठेवलं असेल.

परदेशी गाड्या बांधता बांधता एक गोष्ट मला सलू लागली. फेरारीचं इंजिन मला आतून माहीत होतं, आणि जिच्या मागच्या सीटवर मी लहानाची मोठी झाले त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा हेडलाइट ग्रिलपासून किती लांब आहे हे सांगता येत नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना, तिथे १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट आणि सत्तरच्या दशकात तिला मिळालेलं नाव प्रीमियर पद्मिनी. मुंबईत ती इतकी होती की तिच्याकडे कुणी बघत नसे. तिचं मॉडेल मला कुठल्याही खोक्यात सापडलं नाही, म्हणून मापं स्वतःच घ्यायची ठरवलं. तेव्हा तिचे थोडेच दिवस उरले होते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरमधली, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून जाणार हे ठरलेलं होतं.

दादरला एका स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाला विचारलं. वयस्कर गृहस्थ, बोलण्यात रत्नागिरीचा हेल.

“मापं कशाला ताई? आता जायचीच आहे ती.”

“म्हणूनच घेतेय, काका.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. लांबी चार मीटरला थोडी कमी. माझ्या टेबलावर ती सोळा सेंटिमीटरच्या जरा पुढे जाणार होती. चौदा इंची रिम पंधरा मिलिमीटरच्या आत येणार होती. छपराच्या कडेने फिरणारी पावसाच्या पाण्याची पन्हाळ, पुढच्या दारातली छोटी तिकोनी काच, मागच्या मडगार्डवर हलकेच उचललेलं शेपूट, स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर. मी लिहून घेत गेले तसे काका मला न दिसलेलं दाखवत गेले. “मागचं डावं दार हिचं नाही. कुर्ल्याच्या भंगारातून आणलंय. नीट बघा, काळा वेगळा आहे.” बघितलं, खरंच वेगळा होता, थोडा निळसर. कुर्ल्यातच जन्मलेलं कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं दार. पुढे डाव्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, “इथे मीटर असायचा, बाहेर. भाडं बसलं की हाताने फिरवायचा.” मीटर केव्हाच आत गेला होता. त्याच्या पट्टीची भोकं लांबीने बुजवून वर काळा मारलेला होता, आणि बोट फिरवलं की ती लागत होती.

बॉडीसाठी लाकडाचा ठोकळा तासला, त्यावर तापवलेला पॉलिस्टायरीनचा पातळ पत्रा खालून हवा ओढून बसवला, खिडक्या कापल्या. आजकाल संगणकावर आकार काढून त्रिमितीय प्रिंटरने बॉडी छापून घेतात, तेही उत्तम होतं. मला छपराची गोलाई हाताखालून जायला हवी होती. तासताना समजलं की पद्मिनीचं छप्पर वाटतं तसं सपाट नाही. पुढच्या काचेपासून मागे जाताना ते एवढं थोडं वर येऊन उतरतं की फोटोत दिसत नाही आणि चुकलं तर गाडी ओळखू येत नाही. इटलीत कुणीतरी ती रेघ विचार करून ओढली होती, कुर्ल्यात कुणीतरी ती पत्र्यात उतरवली होती, आणि तिच्याखाली बसून कित्येक लाख माणसं कामाला, लग्नाला, इस्पितळात गेली होती.

रंगाच्या वेळी प्रश्न आला: गाडी कुठल्या दिवशीची करायची? कारखान्यातून निघालेली, चकचकीत? की मी मापलेली? मी मापलेलीच केली. काळा रंग अर्धवट तुकतुकीचा ठेवला, छपराचा पिवळा उन्हाने उडालेला, मागचं डावं दार निळसर काळ्याचं. टायरचे तळ घासले. ती गाडी वजन वाहून थकलेली होती. मडगार्डवरची बुजवलेली भोकं मात्र केली नाहीत. सात मीटरवरून ती दिसत नाहीत. पण ती कुठे आहेत हे मला ठाऊक आहे, आणि त्या मडगार्डवर ब्रश फिरवताना हात तिथे जरा हलका पडला होता.

या छंदाला पुष्कळ लोक एकांतातला विरंगुळा समजतात. माझ्या मते तो बघण्याचा अभ्यास आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी झाला आहे. परदेशी गाड्यांची मापं पुस्तकांत, संग्रहालयांत, खोक्यांत सुरक्षित आहेत. आपल्या रस्त्यावरची वाहनं भंगारात जातात, त्यांच्याबरोबर त्यांच्या रेषाही जातात. बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावर पहिल्या सीटसाठी धावलेल्यांपैकी त्यांच्या जिन्याला किती पायऱ्या होत्या हे किती जणांना सांगता येईल? माया खूप असते. पण मायेने माप राहत नाही, माप घेऊन ठेवावं लागतं.

माझ्या वहीत आता एसटीच्या लाल बसची पानं सुरू झाली आहेत. मला एकटीला सगळं जमणार नाही. तुमच्या अंगणात आजोबांची बजाज चेतक उभी असेल, वाड्याच्या मागे एखादी जुनी जीप गंजत असेल, तर घरातल्या मुला-मुलींच्या हाती टेप द्या आणि दुसरं टोक तुम्ही धरा. हेडलाइटचा व्यास, चाकांमधलं अंतर, कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर बसवलेला, सगळं तारखेसह लिहून ठेवा. मॉडेल करणारं माणूस आज ना उद्या भेटेल, त्याला ते पान लागेल.